टेबलावरची पावशी

आमच्या भागात फिजिओथेरपी हा शब्द फारसा कुणी तोंडातून काढत नाही. लाखनीला हमरस्त्याच्या कडेला मी माझं छोटं केंद्र सुरू केलं तेव्हा पाटीवर तो मोठ्या अक्षरांत लिहून घेतला होता. पेंटरनं तो दोनदा चुकवला आणि लोकांनी एकदाही वाचला नाही. थोड्याच दिवसांत मी 'मालिशवाली म्याडम' झाले, ती कायमची. लांब पल्ल्याचे ट्रकवाले गाडी बाजूला लावून आत येत, बाकावर पालथे पडत आणि म्हणत, "जरा कंबर दाबून द्या." मी सांगायचे, मी दाबून देत नाही, तुमच्याकडून व्यायाम करून घेते. मग ते नाराज होऊन शेजारच्या टपरीवर चहा प्यायला जात.

एका किराणा दुकानदाराचा खांदा आखडला होता. त्याला दोन-तीन वेळा हात वर न्यायला लावला, तेव्हा तो गंभीरपणे म्हणाला, "म्याडम, फी तर मी देऊनच राहिलो. मंग व्यायाम बी तुमीच करून टाका ना."

गेल्या वर्षी मी केंद्र बंद केलं. कारण सांगताना थोडी लाज वाटते, पण माझेच गुडघे गेले. आयुष्यभर दुसऱ्यांचे गुडघे वाकवत आले, आता कुणी भेटलं की विचारतं, "म्याडम, तुमच्या हातात एवढी विद्या होती, मंग तुमचे कसे गेले?" मी हसते. गेले तर गेले.

खरं सांगायचं तर केंद्रात येणारे पेशंट हे माझं सोपं काम होतं. जो स्वतःच्या पायानं किंवा कुणाच्या खांद्यावर हात टाकून माझ्या दारापर्यंत पोचला, त्याचं निम्मं काम झालेलंच असे. अवघड पेशंट घरी असत. लकवा मारलेले, हाड मोडलेले, मोठ्या ऑपरेशननंतर घरी आणलेले. त्यांच्यासाठी मी दुपारच्या वेळी स्कूटी काढायचे आणि साकोली, सानगडी, कधी उलट्या दिशेला भंडारा, जवाहरनगर असं फिरायचे.

या घरी पडलेल्या माणसांबद्दल एक गोष्ट बाहेरच्यांना माहीत नसते. त्यांचं सगळ्यात जास्त नुकसान मोडलेल्या हाडानं होत नाही, अंथरुणानं होतं. पडून राहिलं की मांडीचं मांस झरझर उतरतं. छातीत कफ साचतो, टाचेला आणि माकडहाडाला जखमा होतात, पोट साफ होत नाही, भूक जाते. सगळ्यात शेवटी मन जातं. माणूस दिवसा झोपतो, रात्री जागतो, आणि हळूहळू त्याला कशाचंच काही वाटेनासं होतं. पण आमच्याकडे आजाऱ्यावर माया करायची एकच रीत आहे, त्याला हलू द्यायचं नाही. ताट अंथरुणात, चहा अंथरुणात, अंघोळही ओल्या फडक्यानं अंथरुणातच. या मायेशी भांडणं हे माझ्या धंद्यातलं सगळ्यात नाजूक काम.

जवाहरनगरच्या क्वार्टरमध्ये एका कामगाराच्या उजव्या अंगावरून वारं गेलं होतं. बायको त्याला हातानं घास भरवायची, शर्टाची बटणं लावून द्यायची. सकाळी बाहेर फॅक्टरीची बस वाजली की तो तेवढी मान वळवायचा. हे बायकोकडून कळलं तेव्हा मी तिला सांगितलं, उद्यापासून बस यायच्या आधी यांची अंघोळ झाली पाहिजे आणि बटणं यांनी स्वतः लावली पाहिजेत. सुरुवातीला दुसऱ्या बटणावरच बस निघून जायची. ज्या दिवशी सगळी बटणं लावून तो बसच्या आधी दाराजवळच्या खुर्चीत बसला, त्या दिवशी तो बायकोवर रागावला, की चहाला उशीर झाला. तिनं मला फोनवर हे रडत सांगितलं, आणि मी तिला म्हटलं, आता तुमचा माणूस परत आला.

पण मला आज सांगायची आहे ती सानगडीच्या देवकाबाईंची हकिगत.

सानगडीत तलावाच्या अंगाला ढिवरांची वस्ती आहे. तिथं देवकाबाईंचं घर. त्यांचा मुलगा गजानन सोबत्यांबरोबर पहाटे तलावावर जाळं टाकायचा आणि आलेली मासोळी विकायचं काम देवकाबाईंचं. नवरा तरुणपणीच गेला. तेव्हापासून त्या बाजारात बसत आल्या होत्या. बाजारात त्यांची जागा ठरलेली होती. लोक "तलावाची मासोळी" म्हणत नसत, "देवकाबाईची मासोळी" म्हणत. त्यांच्यासमोर पावशी असे. पावशी म्हणजे पाटाला बसवलेलं उभं पातं, दुसरीकडे लोक तिला विळी म्हणतात. खाली बसायचं, एक गुडघा मुडपून पायानं पाट दाबून धरायचा आणि दोन्ही हातांनी मासोळी पात्यावर चालवायची. गिऱ्हाईक पिशवी उघडेपर्यंत देवकाबाईंनी रोहूचे खवले काढून तुकडे केलेले असत.

एका पावसाळ्यात त्या घरच्याच अंगणात शेवाळावरून घसरल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. नागपूरला ऑपरेशन झालं. मोडलेला गोळा काढून त्या जागी धातूचा बसवला. घरी आणल्यावर काही दिवसांनी गजाननचा मला फोन आला.

मी गेले तेव्हा देवकाबाई आतल्या अंधाऱ्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या. सून सुनीता त्यांना वरणभात कालवून भरवत होती. ही सुनीता म्हणजे अगदी हळू बोलणारी, डोक्यावरचा पदर सारखा करत राहणारी बाई. बाजारात कधी बसली नव्हती. सासूनं बसवलीच नव्हती. आता मात्र तिलाच जावं लागत होतं.

"म्याडम, आम्ही आईले हालू बी देत नाई," गजानन अभिमानानं म्हणाला. "पुरा आराम."

मी पांघरूण बाजूला केलं. टाच लाल झाली होती. छातीला कान लावला तर आत घरघर होती. मी देवकाबाईंना विचारलं, "मावशी, उठून बसावंसं वाटते का?"

त्यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. "दवाखान्यातून आली तवापासून सारे इचारून राहिले का दुखते का, खाते का, झोपते का. उठते का म्हणून तुमीच पयल्या इचारल्या."

त्या दिवशी गजाननला आणि सुनीताला दोन बाजूंना उभं करून मी त्यांना खाटेच्या कडेला बसवलं. पाय जमिनीला टेकले तसा त्यांचा चेहरा पांढरा पडला, घाम फुटला. गजानन म्हणाला, "झोपवू का आईले?" देवकाबाईंनीच त्याला हातानं थांबवलं. जरा वेळानं म्हणाल्या, "घर केवढं लहान दिसून राहिलं बाप्पा." पडून पडून त्यांना आढ्याशिवाय काही दिसलंच नव्हतं.

मग आमचं रोजचं सुरू झालं. घरात अडकून पडलेल्या माणसाला मी पहिली गोष्ट सांगते ती व्यायामाची नसते. सकाळी उठून तोंड धुवा, केस विंचरा, कपडे बदला आणि झोपायच्या जागेवरून दुसऱ्या जागी जा, मग ती जागा दोन हातांवर का असेना. खाट झोपायला, बाकी सगळं खाटेबाहेर. देवकाबाईंसाठी ती जागा सपरी ठरली, म्हणजे घरासमोरची पडवी. तिथून रस्ता दिसायचा आणि लोक दिसायचे. सकाळी लुगडं नेसून त्या तिथं उंच खुर्चीवर बसायच्या, पंजे वरखाली करायच्या, मांडी आवळून धरायच्या, खोल श्वास घेऊन खोकायच्या. पुढं वॉकर आला. चार पायांचा म्हणून त्यांनी त्याचं नाव 'बकरी' ठेवलं. "आण वं माही बकरी," असं म्हणून अंगणात चालायला निघायच्या. वस्तीतल्या बाया मुद्दाम बघायला थांबायच्या.

एक नियम मात्र मी पहिल्या दिवसापासून घातला होता, आणि नागपूरच्या डॉक्टरांनीही तोच सांगितला होता. खाली बसायचं नाही. पाट नाही, मांडी नाही, उकिडवं नाही. बसवलेला गोळा खोलवर वाकलं की जागेवरून निसटू शकतो. निसटला तर पुन्हा नागपूर, कदाचित पुन्हा ऑपरेशन. म्हणून संडासालाही खुर्ची केली, जेवणालाही टेबल. देवकाबाईंनी हे सगळं ऐकलं आणि पाळलं. तक्रार केली नाही म्हणून मला जरा नवलही वाटलं होतं.

एक दिवस दुपारी मी गेले तर सपरीतली खुर्ची रिकामी. बकरी दाराला टेकवलेली. आतून आवाज आला, "या म्याडम, आत या. गंमत पाहा."

देवकाबाई मागच्या अंगणात पावशीसमोर बसल्या होत्या. खाली, जमिनीवर. ऑपरेशनचा पाय अर्धा मुडपलेला, हातात एक मोठी मरळ, बाजूला राखेची वाटी. चेहरा उजळलेला.

"बसली ना?" त्या म्हणाल्या. "सुनीता दळणाले गेली. म्हटलं आपलं आपण करून पाहावं. येत्या मंडईपर्यंत बाजारात बसाले पायजे."

दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगाव मंडई भरते, लेकीबाळी माहेरी येतात, मासोळीला मोठी मागणी असते. त्यांनी मनात तेवढं धरून ठेवलं होतं. 'खाली बसायचं नाही' हे त्यांनी 'बरं होईपर्यंत बसायचं नाही' असं ऐकलं होतं. म्हणूनच तक्रार नव्हती.

"मावशी, हातातलं ठेवा," मी शक्य तितक्या शांतपणे म्हटलं. "आता अजिबात पुढं वाकू नका. मी सांगते तसं करा."

माझा आवाज ऐकून त्यांचा चेहरा बदलला. त्यांनी उठायचा प्रयत्न केला आणि कळ आली. तिथंच थांबल्या. मी त्यांच्या मागं जाऊन बसले, दोन्ही हात मागं टेकायला लावले, अंग मागं झुकवायला लावलं आणि मुडपलेला पाय टाचेवरून सरकवत हळूहळू सरळ करून घेतला. मग पाठ माझ्या छातीवर घेत त्यांना पूर्ण आडवं केलं. पावशी पायानं दूर ढकलली. दोन्ही पाय सारख्या लांबीचे आहेत का, पंजा आत वळला आहे का, ते पाहिलं. सारखे होते. गोळा जागेवर होता. पण खालून वर उठवताना पुन्हा वाकवायचं नव्हतं.

मी शेजारच्या बायांना हाक मारली. चौघीजणी आल्या. जाड चादर देवकाबाईंच्या अंगाखाली सरकवली, चार कोपरे चौघींनी धरले, पाय मी धरले आणि त्यांना सरळच्या सरळ उचलून खाटेवर ठेवलं. सुनीता दळण घेऊन दारात आली तेव्हा आम्ही घाम पुसत होतो. डबा तिच्या हातातच राहिला.

बाया गेल्यावर मी खाटेजवळ खुर्ची घेतली. आता बोलणं भाग होतं.

"मावशी, तुम्हाला वाटते की काही दिवसांनी खाली बसता येईल. तसं नाही. हा खुबा तुमच्यासोबत जन्मभर राहणार, आणि जन्मभर त्याला सांभाळावं लागणार. तुम्ही चालाल, जिना चढाल, लाखनीला एसटीनं जाल. पण खाली बसणं आता नाही."

"कईच नाई?"

"कधीच नाही."

त्यांनी हातावरची राख लुगड्याला पुसली. मग म्हणाल्या, "बाजारात उभं राहून कोणी मासोळी विकते का, म्याडम?"

आमच्याकडे तर नाहीच विकत. सगळ्या बाया ओळीनं खाली बसतात, समोर पावशी, बाजूला टोपलं. देवकाबाईंनी भिंतीकडे तोंड केलं. मी निघाले तेव्हा त्यांनी "या" म्हटलं नाही.

त्यानंतर त्या उठल्याच नाहीत. मी जायचे, त्या डोळे मिटून पडायच्या. हात लावला तर पाय सैल सोडायच्या, कुण्या दुसऱ्याचाच असल्यासारखा. लुगडं बदललं नाही, केस विंचरले नाहीत. अंगणात बकरीवर धूळ बसली. गजानन आता आईला हातानं भरवू लागला आणि माझ्याकडे अशा नजरेनं पाहू लागला, की जणू त्याच्या आईची उमेद मी काढून घेतली. एकदा तर तो म्हणालाच, "म्याडम, खोटं सांगितलं असतं तर काय बिघडत होतं?"

मी त्याला म्हटलं, "त्यांनी पुन्हा बसून पाहिलं असतं." त्याला ते पटलं, पण आवडलं नाही. मलाही काही फार बरं वाटत नव्हतं. आमच्या कामात माणसाचा पाय चालता करता येतो, तो कुठं जाईल हे आपल्या हातात नसतं. आणि जायला जागाच नसेल तर चालणार कोण?

मार्ग निघाला तो सुनीतामुळे, आणि तिनं तो काढायचा म्हणून काढला नव्हता.

बाजाराचा दिवस होता. मी गेले तेव्हा सुनीता लवकरच परत आली होती, टोपल्यात अर्धी मासोळी तशीच. मागच्या अंगणात बसून ती उरलेली साफ करत होती. मी आत देवकाबाईंच्या पायाशी बसले होते. त्या नेहमीसारख्या डोळे मिटून. बाहेरून पात्यावर मासोळी घासल्याचा आवाज येत होता. देवकाबाईंच्या कपाळाला आठी पडली. मग दुसरी. मग त्यांनी डोळे उघडले.

"शेपटीकून!" त्या एकदम ओरडल्या. "खवले शेपटीकून काढ ना वं. डोक्याकून काढशीन तर चामडी फाटल."

बाहेरचा आवाज थांबला. मग पुन्हा सुरू झाला, वेगळा.

"आता पोट. पित्त फोडू नको. फुटलं तर कडू होते सारी. फोडलं? फोडलंच तुनं."

"फुटलं आत्याबाई," बाहेरून सुनीताचा बारीक आवाज आला.

"म्हणूनच परत आली एवढी मासोळी. लोक आज एकदा खातीन, पुढल्या बाजारी येतीन का तुयाकडं?"

सुनीता दारात येऊन उभी राहिली. हात मासोळीचे, पदर खांद्यावरून ढळलेला. एवढी बोलताना मी तिला पहिल्यांदाच पाहिलं. "मंग कोण शिकवणार मले? तुमी तिकडं तोंड करून पडल्या. मी काय पाहून शिकू? तुमची पाठ पाहून?"

देवकाबाई तिच्याकडे पाहत राहिल्या. मला वाटलं, आता रागावतील. पण त्यांनी हात लांब केला आणि मला म्हणाल्या, "उठवा मले."

त्या दिवशी त्या बकरी घेऊन मागच्या दारापर्यंत गेल्या आणि उभ्या उभ्या सुनीताला शिकवत राहिल्या. पण उभं राहून शिकवणं त्यांना पुरेना. सारखे हात पुढं जायचे. "आण इकडं," असं म्हणायच्या आणि मग आठवायचं. तेव्हा मी म्हटलं, "मावशी, तुम्ही खाली नाही जाऊ शकत. पण पावशी वर येऊ शकते."

"म्हणजे कशी?"

"टेबलावर. तुम्ही उंच खुर्चीवर."

त्या खोकला येईपर्यंत हसल्या. "ढिवरीण खुर्चीवर बसून मासोळी कापन? लोक म्हणतीन साहेबीण झाली."

पण गजाननच्या मनात ते बसलं. त्यानं जुन्या पाळण्याचं लाकूड काढून एक उंच टेबल ठोकलं आणि पावशीचा पाट त्यावर ठेवला. पहिलाच प्रयत्न फसला. खाली बसलं की पाट पायानं दाबला जातो, टेबलावर पायाचं काम कोण करणार? मासोळी लावली तशी पावशी सगळीच्या सगळी पुढं सरकली. देवकाबाईंनी वेळेवर हात काढला म्हणून बरं. मी त्या दिवशी ते टेबल बाजूला ठेवायला लावलं आणि रात्रभर मलाच झोप आली नाही, की आपण या बाईला नव्या संकटात तर घालत नाही?

दोन दिवसांनी गजानन पाट घेऊन लाखनीला वेल्डिंगच्या दुकानात गेला, आणि मीही गेले. दुकानदाराला पाट टेबलाला आवळून धरेल अशी दोन लोखंडी पकडी करायला सांगितल्या. तो म्हणाला, "म्याडम, हे कोणत्या दवाखान्याचं सामान होय?" मी म्हटलं, "मासोळीच्या दवाखान्याचं." मग घरी येऊन उंचीचा घोळ. टेबल उंच झालं तर खांदे दुखायचे, ठेंगणं झालं तर देवकाबाई पुढं वाकायच्या आणि तेच तर नको होतं. पाय कापून, खुर्चीखाली फळी घालून, पुन्हा काढून, शेवटी कोपर सैल राहील आणि पाठ ताठ राहील अशी उंची सापडली. पातं त्यांच्या डाव्या हाताला जरा कललेलं ठेवलं.

पहिली रोहू कापायला त्यांना बराच वेळ लागला. दोनदा तुकडा वाकडा गेला. पायाचा जोर नाही म्हणून सगळा भार दंडावर येत होता. पण तुकडे पडले. त्यांनी ते परातीत नीट रचले आणि सुनीताला म्हणाल्या, "पाय, असं दिसाले पायजे." मग माझ्याकडे वळल्या. "दंड भरून आले. व्यायाम सांगा आता दंडाचा." आयुष्यात इतक्या आनंदानं मी कुणाला व्यायाम सांगितला नव्हता.

हळूहळू घराची नवी घडी बसली. पहाटे गजानन मासोळी आणायचा. देवकाबाई अंघोळ करून, लुगडं नेसून सपरीत टेबलाशी बसायच्या. साफ केलेली मासोळी आणि थोडी सबंध अशी दोन टोपली भरून सुनीता बाजारात जायची. देवकाबाईंनी अधूनमधून उठून अंगणात फेऱ्या मारायच्या, हा माझा नियम होता, आणि त्या तो पाळायच्या. जेवण झाल्यावर पडायचं, पण थोडंच. खोकला गेला. टाच बरी झाली. रात्री झोप लागू लागली. वस्तीतल्या लोकांनी पहिल्यांदा साहेबीण म्हणून चिडवलं, मग आपापली मासोळी कापायला त्यांच्याकडेच आणू लागले. सपरीत गप्पांचा बाजार भरायचा. घराबाहेर फारसं न पडता देवकाबाईंना गावातल्या सगळ्या बातम्या माझ्या आधी कळायच्या.

एक गोष्ट मात्र त्या कधी बोलत नसत. सुनीता बाजारातून आली की "खपली?" एवढंच विचारायच्या. जागेबद्दल, गिऱ्हाईकांबद्दल, शेजारच्या बायांबद्दल काही नाही. मीही विचारलं नाही.

मंडईच्या आधीचा बाजार होता. तोवर बकरी सुटून हातात काठी आली होती. मी माझी शेवटची फेरी करायला गेले होते. आता माझी गरज उरली नव्हती. देवकाबाई तयार होऊन बसल्या होत्या, चांगलं लुगडं, हातात कापडी पिशवी.

"म्याडम, मले बाजारात नेता का?"

आम्ही ऑटो केला. बाजाराच्या तोंडाशी उतरलो. तिथून त्या माझा हात न धरता काठीवर चालल्या. भाजीवाल्या, चिवडा-भज्यांची दुकानं ओलांडून मासोळीच्या ओळीकडे गेलो. सगळ्या बाया खाली बसलेल्या आणि देवकाबाई उभ्या. जुन्या सोबतिणी वर पाहून बोलू लागल्या, कुणी हात धरला, कुणी पदरानं डोळे पुसले. एक म्हणाली, "बस ना वं जराशी." मग तिलाच आठवलं आणि तिनं जीभ चावली. देवकाबाई म्हणाल्या, "नाई. उभीच बरी."

पुढं त्यांची जागा होती. सुनीता तिथं बसली होती. पदर कमरेला खोचलेला, समोर गिऱ्हाईकांचा घोळका. "ताजी हाय, सकाळची हाय, हात लावून पाहा," ती खणखणीत आवाजात ओरडत होती. हा आवाज मी त्या घरात कधी ऐकला नव्हता. हात झपाझप चालत होते, खवले शेपटीकडून निघत होते. मी देवकाबाईंकडे पाहिलं. त्यांचा चेहरा मला वाचता आला नाही. काठीवरची मूठ घट्ट झाली होती, एवढंच दिसलं. एकदा वाटलं, त्या परत फिरतील.

पण त्या रांगेत उभ्या राहिल्या. दोन गिऱ्हाइकांच्या मागं. त्यांची पाळी आली तेव्हा सुनीतानं मान वर केली आणि तिचा हात थांबला. डोक्यावर घ्यायला खोचलेल्या पदराकडे गेला.

"कतला कशी देल्ली?" देवकाबाईंनी विचारलं.

सुनीतानं एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा सासूकडे. मग पदरावरचा हात काढला आणि सगळ्यांना सांगत होती तोच भाव सांगितला.

"लय सांगतेस. कालची दिसून राहिली."

सुनीतानं कतला उचलून कल्ला उघडून दाखवला. आत लालभडक. "कालची असती तर असा असता का? पाहा तुमीच."

"थोडं कमी कर."

"नाई परवडत."

शेजारच्या बाया हातातलं काम थांबवून ऐकत होत्या. देवकाबाईंनी कल्ला पुन्हा एकदा पाहिला, मासोळी बोटानं दाबून पाहिली. मग पिशवी पुढं केली. सुनीतानं कापून, साफ करून तुकडे पिशवीत घातले. देवकाबाईंनी कमरेच्या बटव्यातून पैसे काढून तिच्या हातात ठेवले, आणि तिनं ते घेतले, मोजले, पाटाखाली सरकवले. मग पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळली.

परतताना ऑटोत देवकाबाई बाहेर बघत होत्या. पिशवी मांडीवर होती. त्यातून पाणी गळून त्यांचं चांगलं लुगडं भिजत होतं, तिकडे त्यांचं लक्ष नव्हतं.

"कमी नाई केलं तिनं," शेवटी त्या म्हणाल्या. "मायासाठी बी नाई केलं."

मी काही बोलायच्या आधीच त्यांनी पिशवी उघडून आत पाहिलं, एक तुकडा उचलून उजेडात धरला आणि पुन्हा आत ठेवला.

"आता चालन दुकान," त्या म्हणाल्या, आणि ऑटोवाल्याला जरा हळू चालव म्हणून सांगितलं.